व्हिन्सेंट फिगिन्स : जाड अक्षरांचा शिल्पकार

शाळेच्या वाटेवर आपण रोज किती पाट्या वाचतों याची आपणांस गणतीहि नसते. दुकानाचें नांव, औषधाची जाहिरात, नाटकाचा फलक, लिलांवाची सूचना, सर्व कांहीं डोळ्यांखालून जातें आणि मजकूर मनांत राहतो. परंतु ज्या अक्षरांनीं तो मजकूर आपल्यापुढें आणला त्या अक्षरांकडे पाहण्याची बुद्धि सहसा कोणास होत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां इंग्रजी जाहिरातींतील मोठ्या अक्षरांकडे मुद्दाम पाहावें. त्यांत एक जात अशी आढळेल कीं, जिच्या सर्व रेघा जवळजवळ सारख्याच जाड असून प्रत्येक रेघेच्या टोंकास फरशीच्या तुकड्यासारखा एक चौकोनी ठोकळा बसविलेला असतो. आपल्या नागरी अक्षरास जशी शिरोरेषा, तसे रोमन अक्षरास हे टोंकांचे आडवे फांटे होत. त्यांस सेरिफ असें म्हणतात. पुस्तकांतील अक्षरांत हे सेरिफ नाजूक व निमुळते असतात. जाहिरातीच्या या अक्षरांत मात्र ते मुख्य रेघेइतकेच भरदार असतात, म्हणून या जातीस स्लॅब-सेरिफ हें नांव पडलें आहे. हें अक्षर छापखान्याच्या खिळ्याच्या रूपानें जगापुढें प्रथम आणणारे लंडनचे कारागीर व्हिन्सेंट फिगिन्स यांचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों.

व्हिन्सेंटचा जन्म १७६६ सालीं झाला. वयाच्या सोळाव्या वर्षीं, म्हणजे १७८२ मध्यें, तो जोसेफ जॅक्सन नांवाच्या खिळे पाडणाऱ्या कारखानदाराकडे उमेदवार म्हणून राहिला. हा जॅक्सन कोण, हें सांगितल्याशिवाय पुढची हकीकत नीट समजणार नाहीं. आणि ती गोष्टहि मोठी गमतीची आहे.

जॅक्सन स्वतः मुलगा असतांना विल्यम कॅस्लन या इंग्लंडांतील नामांकित खिळेकाराकडे शिकत होता. त्या काळीं अक्षराचा मूळ ठसा कोरण्याची विद्या म्हणजे घरची पुंजी समजली जाई. कॅस्लन व त्याचा मुलगा हे दोघे आंतल्या खोलीचें दार लावून घेऊन ठसे कोरीत. उमेदवारांना ओतकाम, घासकाम एवढेंच शिकवीत. जॅक्सननें खोलीच्या लांकडी भिंतीला एक बारीकसें भोंक पाडलें आणि त्यांतून पाहून पाहून ती विद्या हस्तगत केली. पुढें त्यानें एक ठसा स्वतः कोरून मोठ्या उमेदीनें मालकापुढें ठेविला. शाबासकी मिळेल अशी बिचाऱ्याची कल्पना होती. मिळाला तो एक तडाखा, आणि पुन्हां असें केलेंस तर तुरुंगांत पाठवीन अशी धमकी. त्याच्या आईनें मात्र त्याला हत्यारें विकत घेऊन दिलीं, आणि मुलगा घरीं बसून सराव करूं लागला. चोरून मिळविलेली विद्या चांगली कीं वाईट याचा निकाल आम्ही आमच्या वाचकांवर सोपवितों. एवढें खरें कीं, पुढें लंडन शहरांत जॅक्सनच्या तोडीचा ठसे कोरणारा क्वचितच कोणी राहिला.

या जॅक्सनचा आणखी एक संबंध आम्हां मराठी वाचकांस विसरतां येण्याजोगा नाहीं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेंतील कॅप्टन विल्यम कर्कपॅट्रिक यांच्या देखरेखीखालीं त्यानें देवनागरी अक्षरांचे ठसे कोरले होते. फ्लीट स्ट्रीटजवळच्या एका गल्लींत, ज्यानें गंगा किंवा गोदावरी कधीं पाहिली नाहीं अशा माणसानें आपल्या अ-आ-ई चे पोलादी ठसे घडविले, ही गोष्ट मनांत आली म्हणजे मौज वाटते.

ठसा कोरणें म्हणजे काय याची आमच्या बहुतेक वाचकांस कल्पना नसेल, कारण खिळे जुळवून छापण्याची पद्धत आतां जवळजवळ मागें पडली आहे. म्हणून त्याविषयीं थोडें सांगतों. प्रथम मऊ केलेल्या पोलादाचा बोटाएवढा तुकडा घ्यावयाचा. त्याच्या टोंकावर कानस व कोरणी यांनीं अक्षर उलटें घडवावयाचें. अक्षराच्या पोटांतील पोकळी, उदाहरणार्थ ओ मधील वाटोळी जागा, कोरून नीट निघत नाहीं. तिच्यासाठीं दुसरा एक लहान ठसा आधीं करावा लागतो आणि तो ठोकून ती पोकळी पाडावी लागते. मधून मधून ठसा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळी धरवावयाची आणि कागदावर उमटवून पाहावयाचें. एक केस जास्त घासला गेला तर पोलाद परत भरून येत नाहीं. सर्व काम पुन्हां आरंभापासून करावें लागतें. अक्षर मनासारखें झालें कीं ठसा तापवून विझवून कठीण करावयाचा आणि तांब्याच्या पट्टीवर घणाचा एक नेमका घाव घालून त्याची खोल प्रतिमा उठवावयाची. या पट्टीस मातृका म्हणतात, आणि हें नांव आम्हांस फार समर्पक वाटतें. कारण तिच्याच पोटीं हजारों खिळे जन्मास येतात. मातृका हाताच्या सांच्यांत बसवून, पळीनें वितळलेलें शिसें व अंजनधातु यांचें मिश्रण ओतून, त्याच क्षणीं सांच्याला एक हिसडा द्यावयाचा, म्हणजे धातु कोनाकोपऱ्यांत शिरते. हिसडा चुकला कीं खिळा वायां गेला. चांगला ओतारी दिवसाला तीन ते चार हजार खिळे ओती. मग ते तोडणें, घासणें, उंचीस सारखे करणें हें काम बहुधा लहान मुलांकडे असे. आपल्या मुंबईस निर्णयसागर छापखाना काढून नागरी मुद्रणाला सौंदर्य आणणारे जावजी दादाजी यांनींहि लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत असल्याच कामानें सुरुवात केली होती.

व्हिन्सेंट या धुरांत दहा वर्षें राहिला. उमेदवाराचा तो कारागीर झाला आणि कारागिराचा मुकादम झाला. १७९० मध्यें कारखान्यास आग लागली. सांचे व मातृका यांची फार नासाडी झाली, आणि त्या धक्क्यानंतर वृद्ध जॅक्सनची प्रकृति सांवरली नाहीं. सर्व कारभार व्हिन्सेंटच्याच अंगावर पडला. मालकाच्या मागें हा कारखाना हाच पुढें चालविणार असें बाहेरचे लोकहि धरून चालले होते.

१४ जानेवारी १७९२ रोजीं जॅक्सन वारला, आणि कारखाना विक्रीस निघाला. येथें या चरित्रांतील खरी कसोटी आहे. सव्वीस वर्षांच्या या मुकादमापाशीं दहा वर्षांची विद्या होती, परंतु भांडवल नव्हतें. कारखाना विकत घेतला तो विल्यम कॅस्लन याच नांवाच्या, जुन्या कॅस्लनच्या नातवानें. ज्याच्या आजोबांनीं जॅक्सनला भोंकांतून विद्या शिकल्याबद्दल मारलें, त्याच घराण्याच्या ताब्यांत जॅक्सनचे सर्व ठसे व मातृका गेल्या! ज्या मातृका व्हिन्सेंटनें स्वतःच्या हातांनीं आगींतून वांचलेल्या राखेंतून निवडून पुन्हां कामास लावल्या असतील, त्यांवर आतां त्याचा कसलाहि हक्क उरला नाहीं. नोकरी पत्करून नव्या मालकाच्या हाताखालीं राहणें हा एक मार्ग होता. दुसरा मार्ग म्हणजे एकहि ठसा जवळ नसतां नवा कारखाना काढणें. फिगिन्स यांनीं दुसरा पत्करला. होबर्न ब्रिजजवळ स्वान यार्ड म्हणून जागा होती, तेथें त्यांनीं त्याच सालीं आपली भट्टी पेटविली.

हें धाडस पदरीं पडलें याचें बरेंचसें श्रेय जॉन निकल्स या गृहस्थांस आहे. निकल्स हे त्या वेळचे मोठे मुद्रक व जेंटलमन्स मॅगझिन या प्रसिद्ध मासिकाचे चालक होते. जॅक्सनच्या कारखान्याशीं त्यांचा जुना व्यवहार होता. इंग्लंडचें प्राचीन जमीनदफ्तर, ज्यास डूम्सडे बुक म्हणतात, तें निकल्स यांनीं १७८३ मध्यें जॅक्सननें मुद्दाम कोरलेल्या खिळ्यांनीं छापलें होतें. फिगिन्सच्या हाताची पारख त्यांना तेव्हांपासून असली पाहिजे. दाखविण्यास नमुन्याचा एक कागदहि नसतां त्यांनीं या तरुणास खिळ्यांची मोठी मागणी दिली आणि धीरहि दिला. आमच्या मतें उधारीवर विश्वास ठेवणाऱ्या अशा गिऱ्हाइकांचींहि चरित्रें कोणी तरी लिहावयास पाहिजेत.

त्याच सुमारास दुसरें एक काम चालून आलें, आणि तें आमच्या शाळेच्या वाचकांस विशेष आवडेल. टॉमस मॅक्लिन नांवाचे एक चित्रविक्रेते पवित्र शास्त्राची एक अपूर्व आवृत्ति काढीत होते. सर जोशुआ रेनॉल्ड्स, लाउथरबर्ग इत्यादि नामवंत चित्रकारांच्या चित्रांवरून केलेलीं ताम्रपट मुद्रणें तींत घालावयाचीं होतीं. पानें इतकीं भव्य कीं, ग्रंथ मांडीवर घेऊन वाचण्याची सोयच नाहीं, मेजच पाहिजे. छपाई टॉमस बेन्स्ले यांच्याकडे होती, आणि या ग्रंथासाठींच जॅक्सननें एक मोठें, शांत, खानदानी वळणाचें अक्षर कोरलें होतें. ग्रंथ भागाभागानें निघत होता. काम मध्यावर असतांना जॅक्सन वारला आणि त्या अक्षराच्या मातृका कॅस्लनच्या घरीं गेल्या.

आतां बेन्स्ले यांनीं काय करावें? शास्त्राच्या एका पुस्तकापर्यंत एक अक्षर आणि पुढच्या पुस्तकापासून दुसरें, असें झालें तर वर्गणीदारांनीं तो ग्रंथ परत केला असता. बेन्स्ले यांनीं फिगिन्स यांना बोलाविलें आणि जॅक्सनचेंच अक्षर, कोणास फरक कळूं नये अशा रीतीनें, नव्यानें कोरावयास सांगितलें. नवें अक्षर आपल्या कल्पनेनें काढणें यापेक्षां हें काम किती तरी अवघड! नव्या अक्षरांत चूक झाली तर ती त्या अक्षराची लकब म्हणून खपून जाते. येथें शेजारच्याच पानावर मूळ अक्षर साक्षीस हजर. रेघ रेसभर जाड झाली तर सारें पान काळें दिसावें, बारीक झाली तर फिकें. शिवाय मालकाचे ठसे हाताशीं नव्हते. जें होतें तें छापलेल्या पानांत आणि दहा वर्षांच्या आठवणींत. फिगिन्स यांनीं तें काम पुरें केलें. १८०० सालीं मॅक्लिनचें बायबल सहा खंडांत संपूर्ण झालें; मॅक्लिन स्वतः त्याच सालीं, ग्रंथ पुरा होतो न होतो तोंच, वारले. रॉबर्ट बोयर यांनीं काढलेली ह्यूमच्या इंग्लंडच्या इतिहासाची थोरली आवृत्तिहि फिगिन्सच्या याच अक्षरांत १८०६ मध्यें पुरी झाली. बेन्स्लेचें नांव या दोन ग्रंथांनीं वाढलें, आणि जाणत्या लोकांत फिगिन्स यांचेंहि.

या काळांतील एक हकीकत फिगिन्स यांच्या मुलानें पुढें १८५५ मध्यें लिहून ठेविली आहे. ठसे कोरणाऱ्यांचा धंदा त्या वेळींहि इतका गुप्तपणें चाले कीं, मदतीस घेतलेला एक कसबी कारागीर कोठें राहतो हें खुद्द मालकासहि ठाऊक नसे. तो येई, काम देई, पैसे घेई आणि नाहींसा होई. विद्या दडविण्याची ही खोड आपल्याकडे वैद्यांत आणि गवयांत होती, तशी ती तिकडे लोहारकामांतहि होती म्हणावयाची!

पुढें कामें आपण होऊन येऊं लागलीं. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्यानें ग्रीक अक्षर करून घेतलें. सर विल्यम औसली यांच्या देखरेखीखालीं फारसी अक्षर झालें. आणि १८०२ मध्यें ईस्ट इंडिया कंपनीसाठीं तेलुगु अक्षराचे ठसे कोरले गेले. तेलुगु अक्षरांचीं तीं वळणें, त्या वाट्या आणि ते शेंडे पोलादांत कानशीनें काढणाऱ्या इंग्रज कारागिराच्या चिकाटीची तारीफ करावी तेवढी थोडी. जागा अपुरी पडूं लागली म्हणून १८०१ मध्यें कारखाना वेस्ट स्मिथफील्ड भागांत वेस्ट स्ट्रीटला नेला होता.

येथपर्यंतचे फिगिन्स हे ग्रंथांचे सेवक होते. त्यांनीं केलेलें अक्षर चांगलें, म्हणजे वाचणाऱ्याच्या लक्षांतहि येणार नाहीं इतकें चांगलें. येथून पुढें गोष्ट उलट वळण घेते.

लंडन शहर वाढत होतें. व्यापारी, नाटकवाले, डांकगाडीवाले, औषधवाले आणि सर्वांत मोठे म्हणजे सरकारी सोडतीचीं तिकिटें विकणारे दलाल यांची भिंतींवर एकच झोंबाझोंबी चालली होती. सोडतीवर आमची श्रद्धा नाहीं, आणि इंग्लंडच्या सरकारनेंहि ती १८२६ मध्यें बंद केली. परंतु अक्षरांच्या इतिहासांत तिचें नांव टाळतां येत नाहीं, कारण जो दलाल दुरून वाचतां येईल असा कागद लावी त्याचें तिकीट आधीं खपे. पुस्तकांतलेंच अक्षर मोठें करून लाविलें तर दूरवरून त्याच्या बारीक रेघा दिसत नाहींत. रॉबर्ट थॉर्न या खिळेकारानें शतकाच्या आरंभीं जाड रेघा फुगवून पोटाळ अक्षरें काढलीं; पण त्यांच्याहि बारीक रेघा केसासारख्याच राहिल्या. त्या लांबून लोपत आणि दाबाखालीं मोडतहि. लोखंडी दाबयंत्रें तोंवर आलीं होतीं. आणि नोव्हेंबर १८१४ मध्यें तर टाइम्स पत्र वाफेच्या यंत्रावर छापलें जाऊं लागलें. तें यंत्र बनविणाऱ्या कोएनिगला पैसा पुरविणाऱ्यांत बायबल छापणारे आपले बेन्स्लेच होते.

अशा वेळीं, १८१५ सालच्या फिगिन्स यांच्या नमुनापुस्तकांत, अँटीक या नांवाखालीं एक नवेंच अक्षर दिसलें. (त्यांतील कांहीं प्रतींच्या कागदांवर १८१७ ची पाणखूण आहे, म्हणून दोन वर्षें इकडे तिकडे असा वाद जाणते लोक घालतात.) फक्त मोठीं अक्षरें, धाकटीं नाहींतच. बारीक रेघ हा प्रकारच काढून टाकलेला. उभी रेघ जाड, आडवी रेघ जाड, आणि टोंकाचा सेरिफ म्हणजे नुसती चौकोनी वीट. रेघ व सेरिफ जेथें मिळतात तेथें पुस्तकी अक्षरांतील गोलाईहि नाहीं. जणूं काय अक्षर कोरलेलेंच नाहीं, गवंड्यानें रचलेलें आहे. रंगारी लोक पाट्यांवर आणि लांकडी ठशांवर असलीं अक्षरें त्यापूर्वींहि काढीत असावेत. परंतु तीं शिशाच्या खिळ्यांत आणून कोणत्याहि छापखान्यास विकत घेतां येतील असें केलें तें फिगिन्स यांनीं. ज्या सेरिफाला इतके दिवस अक्षराचा अलंकार समजत, त्याला त्यांनीं अक्षराचा पाया केलें. दोन अक्षरांच्या विटा एकमेकींस जवळ आल्या म्हणजे सारी ओळ एका भिंतीसारखी उभी राहते, आणि पावसांत भिजलेल्या, मळलेल्या कागदावरूनहि ती वाचतां येते. त्या अक्षराचा सर्व गुण यांत आहे.

त्याच काळच्या नमुन्यांत फिगिन्स यांनीं दुसरेहि साज दाखविले आहेत. एका अक्षराच्या मागें पडछाया दिली आहे, जणूं तें कागदावरून उचलून उभें केलें आहे. टस्कन नांवाच्या जातींत सेरिफाचें टोंक माशाच्या शेपटीसारखें दुभंगलें आहे. विटेला नक्षी आली, मग नक्षीवर नक्षी आली. पुढील पंचवीस वर्षांत इंग्लंडांतील कारखान्यांनीं पोकळ, रेघाळ, फुलांनीं भरलेलीं अशीं इतकीं जाड अक्षरें काढलीं कीं त्यांचीं नमुनापुस्तकें पाहतांना जत्रेंत फिरल्यासारखें वाटतें.

एवढें मोठें अक्षर ओतणें हाहि एक प्रश्न होता. हातभर रुंद कागदाला पुरेल अशा अक्षराचा पोलादी ठसा ठोकून मातृका करणें अशक्यच. म्हणून फार मोठीं अक्षरें पूर्वी वाळूच्या सांच्यांत ओतीत आणि तीं ओबडधोबड निघत. चौथ्या विल्यम कॅस्लननें १८१० च्या सुमारास पितळी पत्र्यांत अक्षर आरपार कापून तो पत्रा खालच्या पाटीवर रिव्हेटांनीं ठोकण्याची युक्ति काढली, तेव्हां मोठ्या खिळ्यांस कडा स्वच्छ आल्या. तरी शिसें तें शिसेंच. जड, महाग आणि थंड होतांना मध्यें खचणारें. १८२७ मध्यें न्यूयॉर्कला डॅरियस वेल्सनें यंत्रानें लांकडाचीं अक्षरें कापण्यास आरंभ केला, आणि फिगिन्सच्या जातीचीं अक्षरें वीतवीतभर होऊन अमेरिकेच्या दूरच्या गांवांतील भिंतींवर जाऊन बसलीं. घोडेस्वार दरोडेखोरांच्या चित्रपटांत त्यांना पकडण्याबद्दलचे बक्षिसाचे कागद आमच्या विद्यार्थ्यांनीं पाहिले असतील. त्यांवरील विटांच्या पायांचें अक्षर याच कुळांतलें.

नांवाचा घोटाळा मात्र फार झाला. फिगिन्स त्याला अँटीक म्हणत. थॉर्ननेंहि तसेंच अक्षर केलें. थॉर्नचा कारखाना १८२० मध्यें विल्यम थॉरोगुडनें घेतला आणि तें इजिप्शियन नांवानें विकूं लागला. नेपोलियनच्या स्वारीनंतर सगळ्या यूरोपास इजिप्तचें वेड लागलें होतें. रोझेटाची शिला १८०२ मध्यें लंडनला आली होती. देवळांचे ते बोजड दगडी खांब आणि हीं अक्षरें यांत लोकांस साम्य वाटलें असेल. इजिप्तमधील चित्रलिपीशीं त्यांचा काडीइतकाहि संबंध नाहीं.

सर्वांनाच हीं अक्षरें आवडलीं असें नाहीं. टॉमस हॅन्सार्ड यांनीं १८२५ मध्यें लिहिलेल्या मुद्रणविषयक मोठ्या ग्रंथांत या फुगीर व जाड अक्षरांना राक्षसी ठरवून त्यांचा खरपूस समाचार घेतला आहे. आम्हांसहि हा आक्षेप अगदींच पोकळ वाटत नाहीं. बायबलचें तें सौम्य अक्षर ज्या हातानें घडविलें त्याच हातानें सोडतीच्या दलालास ओरडणारें अक्षर द्यावें, हें प्रथमदर्शनीं रुचत नाहीं. परंतु थोडा विचार करतां असें दिसतें कीं, फिगिन्स यांनीं ग्रंथाचें अक्षर बिघडविलें नाहीं. ग्रंथासाठीं ग्रंथाचें आणि भिंतीसाठीं भिंतीचें, असे दोन वेगळे वर्ग त्यांनीं केले, आणि दोन्ही कामें सारख्याच काळजीनें केलीं. त्यांचा अँटीकचा एक ओ जवळून पाहावा. जाड रेघांमध्यें सांपडलेली ती अरुंद पांढरी फट इतकी तोलून ठेविलेली आहे कीं ती मुंगीएवढी अधिक असती तर अक्षर विरळ झालें असतें आणि कमी असती तर शाईनें बुजलें असतें. ओरडणाऱ्यालाहि सूर लागतो. तो बायबल कोरणाऱ्या कारागिराजवळ होता. नकला करणारे पुष्कळ झाले. त्यांच्या अक्षरांत हा तोल क्वचित् दिसतो. उंच आवाज काढणें सोपें असतें, असें ज्यांस वाटतें त्यांनीं आमच्या वार्षिक समारंभांतील एखादें भाषण आठवावें.

१८३२ च्या नमुनापुस्तकांत फिगिन्स यांनीं सेरिफ मुळींच नसलेलें अक्षर दाखविलें आणि त्याला सॅन्स-सेरिफ हें नांव दिलें. तें नांव आजतागायत जगभर चालतें. आणि मोबाईलच्या पडद्यावर वाचणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर बहुतेक त्याच जातीचें अक्षर असतें.

धंद्यांत स्थिरावल्यावर फिगिन्स लंडनच्या नगरसभेंत फॅरिंग्डन विदाउट या विभागाचे सभासद म्हणून बसत. १८३६ मध्यें त्यांनीं कारखाना व्हिन्सेंट व जेम्स या मुलांच्या हातीं सोंपविला. थोरल्यानें, म्हणजे दुसऱ्या व्हिन्सेंटनें, इंग्लंडचा आद्य मुद्रक कॅक्स्टन याच्या बुद्धिबळावरील ग्रंथाची हुबेहूब प्रत काढली. वर सांगितलेली गुप्त कारागिराची गोष्ट त्याच ग्रंथाच्या निमित्तानें लिहिली गेली. जेम्स १८६८ मध्यें श्र्यूसबरीतर्फे पार्लमेंटांत निवडून गेला. स्वान यार्डांत एकहि ठसा नसतां पेटविलेली भट्टी अशा रीतीनें दोन पिढ्या चालली.

अँटीकच्या जातीचें जें सर्वांत प्रसिद्ध झालें तें क्लॅरेंडन हें अक्षर फिगिन्स यांना पाहावयास मिळालें नाहीं. थॉरोगुडचे भागीदार रॉबर्ट बेस्ली यांनीं तें १८४५ मध्यें काढलें. विटेच्या सांध्याला पुन्हां थोडी गोलाई देऊन, आणि लहान आकारांत, म्हणजे शब्दकोशांतील शब्द बाकीच्या मजकुरांतून उठून दिसावे म्हणून. बेस्ली यांनीं तें सरकारांत नोंदविलें होतें, पण संरक्षण तीनच वर्षांचें. मुदत सरतांच सर्व कारखान्यांनीं त्याची नक्कल केली. बेस्ली पुढें १८६९ मध्यें लंडनचे लॉर्ड मेयर झाले. खिळे विकणारा मनुष्य शहराच्या गादीवर बसला, आणि ज्यानें ती वाट प्रथम पाडली तो नगरसभेच्या बांकावर राहिला. पण फिगिन्स यांस त्याचें वाईट वाटलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं.

ते पेकम येथें २९ फेब्रुवारी १८४४ रोजीं वारले, आणि दक्षिण लंडनांतील नन्हेडच्या दफनभूमींत त्यांस मूठमाती देण्यांत आली. तारीख अशी कीं, तिची पुण्यतिथि चार वर्षांतून एकदांच येते.